वरच्या आवारातल्या मॅट्रनबाई

टेकडीवरचं क्षयाचं इस्पितळ बंद झालं, त्यात वाईट वाटण्यासारखं खरं तर काही नव्हतं. औषधं चांगली निघाली होती. माणसं घरच्या घरी गोळ्या घेऊन बरी होत होती. वर्ष-दीड वर्ष खाटेवर पडून राहायची गरज उरली नव्हती. थोरल्या सिस्टर हे सगळ्यांना स्वतःच समजावून सांगायच्या. "रोगी मिळेनात म्हणून इस्पितळ बंद पडलं. इस्पितळाला याहून चांगलं मरण कुठलं येणार?" पण शेवटची खाट रिकामी झाली त्या दिवशी गादी उन्हात टाकून त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि उद्यापासून आपण करायचं काय, हे त्यांना सुचेना. चाळिशी उलटली होती. हाताला काम नसलं की त्यांचं डोकं दुखायचं.

खाली गावात विद्यापीठ निघून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. विद्यापीठ म्हणायचं एवढंच. सूतगिरणीच्या जुन्या कचेरीचा वरचा मजला भाड्याने घेतला होता आणि खाली खानावळ होती. परगावचा कुणी "विद्यापीठ कुठेय हो?" असं विचारायला लागला की लोक सांगायचे, "खानावळीच्या वर." इतिहासाचा तास ऐन अकराला असायचा आणि अकरालाच खाली कांदा कढईत पडायचा. राजे आले, राजे गेले, मुलांचं लक्ष जिन्याकडे. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं. त्यातल्या एकाचं दार उघडलं की कुलगुरूंच्या खोलीचं दार उघडायचं नाही, म्हणून पुस्तक हवं असेल तर आधी कुलगुरूंना विचारावं लागायचं की साहेब, तुम्हाला इतक्यात बाहेर यायचं नाही ना.

कुलगुरू उंच, किडकिडीत आणि चिवट गृहस्थ होते. जागेसाठी ते सरकारच्या इतके मागे लागले की शेवटी सरकारने कंटाळून टेकडीवरचं बंद इस्पितळ त्यांच्या पदरात टाकलं. इमारतीबरोबर तिच्यात उरलेली माणसंही दिली: एक माळी, एक स्वयंपाकी आणि थोरल्या सिस्टर.

अशी विद्यापीठाला दोन आवारं झाली, खालचं आणि वरचं. गावाला थट्टेला आयताच विषय मिळाला. खालच्या कचेरीत कुणी एखाद्या प्राध्यापकांची चौकशी केली की शिपाई गंभीर तोंड करून म्हणायचा, "ते वर गेले." पूर्वी त्या टेकडीवर गेलेली बरीच माणसं खरोखरच वर गेली होती, त्यामुळे हसता हसता लोक जरा चाचरायचेही.

पुरुषांच्या मोठ्या वॉर्डात पदार्थविज्ञान आलं. शस्त्रक्रियेच्या खोलीत फरशा आणि नळ होते, तिथे रसायनशाळा झाली. रोगी जिथे उन्हात पडून राहायचे त्या लांब ओसरीत टेबलं मांडून वाचनालय केलं. बायकांचा वॉर्ड तेवढा शिल्लक होता. कुलगुरूंनी थोरल्या सिस्टरना बोलावलं.

"सिस्टर, लांबच्या गावांतल्या मुलींना राहायला जागा नाही म्हणून त्या येत नाहीत. वसतिगृह काढायचंय. तुम्ही मॅट्रन व्हाल?"

"मला आजारी माणसांची सवय आहे साहेब. धडधाकट मुलींचं मला काय कळणार?"

"ताप मोजायचा नाही, एवढाच फरक."

"ताप परवडला. तो थर्मामीटरला कळतो."

कुलगुरू हसले आणि हाच होकार धरून कामाला लागले. त्या दिवसापासून थोरल्या सिस्टरच्या मॅट्रनबाई झाल्या.

त्यांचं घर खाली बाजारात होतं. पुढे नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि मागे दोन खोल्या. नवऱ्याला गाव 'घड्याळजी' म्हणायचं. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे संध्याकाळी जेवतानासुद्धा एक डोळा बारीक करून ताटाकडे बघायचे. त्यांना एकच मुलगी. एकोणीस वर्षांची, उंचपुरी, तोंडाने फटकळ. तिचं लग्न बाजारातल्याच लोखंडी सामानाच्या दुकानदाराच्या मुलाशी ठरलेलं होतं.

या घरात एक गोष्ट झाकलेली होती. घड्याळजी ऐन विशीत या गावात आले होते ते कामधंद्यासाठी नाही. ते टेकडीवर आले होते, रोगी म्हणून. दीड वर्ष ते पुरुषांच्या वॉर्डात खाटेवर होते आणि तेव्हाच्या तरुण सिस्टरने त्यांचं दूधपाणी, ताप, इंजेक्शनं सगळं केलं होतं. पूर्ण बरे झाल्यावर दोघांनी लग्न केलं. पण तो काळ असा होता की ज्या घरात क्षय होऊन गेला त्या घरचं पाणीही कुणी पीत नसे, मग घड्याळ कोण दुरुस्तीला टाकणार? म्हणून दोघांनी ठरवलं की कुणाला सांगायचं नाही, आणि इस्पितळातल्या जाणत्या माणसांनीही कधी तोंड उघडलं नाही. लेकीलाही सांगितलं नाही. आधी ती लहान होती म्हणून, मग मोठी झाली म्हणून.

वसतिगृह उघडलं तेव्हा नऊ मुली आल्या. मुलींपेक्षा त्यांचे वडील अवघड होते. कुणी गादी उलटी करून बघितली, कुणी भिंतीला नाक लावलं. मॅट्रनबाईंनी सगळ्या भिंतींना दोनदा चुना काढून घेतला होता, जुन्या गाद्या जाळल्या होत्या, भांडी उकळली होती. "आणखी काय करू?" त्या माळ्याला म्हणाल्या. "टेकडी खरवडून काढू?"

दोन महिने बरे गेले. मग मुलींतली सगळ्यात हडकुळी होती ती खोकायला लागली. सर्दी छातीत उतरली होती, बाकी काही नाही. मॅट्रनबाईंनी तिला वाफ दिली, गरम पाणी दिलं, डॉक्टर बोलावून छातीचा फोटोही काढवला. फोटो स्वच्छ होता. पण फोटो खाली पोचायच्या आत खोकला खाली पोचला. दूधवाल्याने बाजारात सांगितलं, बाजारातून बसच्या कंडक्टरला कळलं आणि कंडक्टरने गावोगाव तिकिटांबरोबर बातमी वाटली. टेकडीच्या भिंतींत रोग आहे, मुलींना लागायला लागला. दोनच दिवसांत एका मुलीचे वडील आले आणि ट्रंक उचलायला लागले. कुलगुरूंनी त्यांना हात जोडून रविवारपर्यंत थांबवलं. रविवारी सगळ्या पालकांची सभा घेऊ, डॉक्टर येतील, मग काय ते ठरवा.

शनिवारी संध्याकाळी मॅट्रनबाई घरी आल्या. घड्याळजींनी चहा केला आणि समोर ठेवला.

"मी येऊन सांगू का त्यांना?" ते म्हणाले.

"काय सांगणार?"

"मी काय सांगू शकतो ते तुला माहीत आहे."

मॅट्रनबाईंनी आतल्या खोलीकडे बघितलं. लेक बाहेर गेलेली होती, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "वेड लागलंय का तुम्हाला? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. एकवीस वर्षं जपलं ते चव्हाट्यावर मांडायचं?"

"बरं," घड्याळजी म्हणाले.

त्यांचं 'बरं' म्हणजे होकार की नकार, हे मॅट्रनबाईंना इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नव्हतं.

सभा इस्पितळाच्या जुन्या जेवणघरात भरली. मुलींचे आईबाप होते आणि गावातलीही बरीच रिकामटेकडी माणसं होती. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून छाती समजावून सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग ट्रंकवाले वडील उठले.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही तुमची मुलगी इथे ठेवाल?"

"मला मुलगी नाही."

"मग झालं तर."

मॅट्रनबाई उभ्या राहिल्या. "मी या इमारतीत चोवीस वर्षं काम केलं. रोग्यांच्या उशाशी बसले. मला काही झालं का?"

"तुमची गोष्ट वेगळी, बाई," मागून कुणाची तरी आई म्हणाली. "तुम्ही नर्स. तुमचं अंग सरावलेलं."

अंग सरावत नसतं, हे मॅट्रनबाईंना सांगता आलं असतं, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, भीती होती. भीतीशी वाद कसा घालायचा? त्या खाली बसल्या आणि तेवढ्यात दाराशी टोपी हातात धरून उभे असलेले घड्याळजी त्यांना दिसले.

"मी थोडं बोलू का?" घड्याळजी म्हणाले. आवाज इतका बारीक की पुढच्या माणसांना मागे वळून मागच्यांना गप्प करावं लागलं. "मला तुम्ही बहुतेक जण ओळखता. तरुणपणी मी या शेजारच्या मोठ्या वॉर्डात होतो. खिडकीकडून तिसरी खाट. दीड वर्ष. मला क्षय होता, आणि चांगला दणदणीत होता. तो बरा झाला. त्याला आता एकवीस वर्षं होऊन गेली."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी बाक मागे सरकवलं.

"यांच्या मनगटावरचं घड्याळ," त्यांनी ट्रंकवाल्या वडिलांकडे हात केला, "गेल्या महिन्यात मीच उघडलं होतं. नाकासमोर धरल्याशिवाय घड्याळ दुरुस्त होत नाही. इतकी वर्षं मी या गावातल्या घड्याळांवर श्वास टाकतोय. तुमच्यापैकी कुणाला काही झालं असेल तर सांगा."

ट्रंकवाल्यांनी नकळत आपल्या मनगटाकडे बघितलं. मग बऱ्याच जणांनी आपापल्या मनगटाकडे बघितलं. एक जण फिस्सकन हसला आणि गप्प झाला.

"माझी बायको ही इथे बसलीय. आमची मुलगी तुम्ही बाजारात बघता, तिच्या पुढे चालायची कुणाची टाप नाही. भिंतींत रोग राहत नसतो. माणसात राहतो आणि औषधाने जातो. एवढंच सांगायचं होतं."

नवऱ्याचा राग यावा की त्याला जाऊन धरावं, हे मॅट्रनबाईंना कळत नव्हतं. आणि त्याच वेळी त्यांना दिसलं की होणाऱ्या व्याह्यांचे मेहुणे भिंतीकडेच्या बाकावरून उठून, चप्पल न वाजवता, बाहेर चाललेत.

सभेचा निकाल काही अगदी एकतर्फी लागला नाही. ट्रंकवाले मुलीला घेऊन गेलेच. आणखी एक मुलगी गेली. पण सात राहिल्या. खोकणाऱ्या मुलीची आई म्हणाली, मी हिच्याजवळ आठ दिवस राहते, आणि खरोखर राहिली. जाताना मॅट्रनबाईंना स्वयंपाकीण चांगली शोधा असा सल्लाही देऊन गेली.

दोघं टेकडी उतरायला लागले.

"तुम्ही काल 'बरं' म्हणालात," मॅट्रनबाई म्हणाल्या.

"बरंच म्हणालो. येणार नाही असं म्हणालो नव्हतो."

"पोरीला काय सांगायचं आता?"

"खरं काय ते. आजच सांगू."

पण तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही. लेक दुकानाच्या पायरीवर उभी होती. शेजारच्या काकू येऊन गेल्या होत्या.

"खरं आहे का?" तिने विचारलं.

"खरं आहे," घड्याळजी म्हणाले.

"सगळ्या गावाला सांगितलंत. मला मात्र शेजारच्या काकूंकडून कळायचं. माझ्या वडिलांना काय झालं होतं ते." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मॅट्रनबाईंना बरं वाटलं असतं. "आणि आई, तू नर्स ना? दुसऱ्यांना शिकवायचीस ना, यात लपवण्यासारखं काही नाही म्हणून?"



दोन दिवसांनी लोखंडी सामानाचे दुकानदार स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. अवघडून खुर्चीच्या कडेवर बसले. "आमच्या मनात काही नाही हो," ते म्हणाले, "पण घरात लहान मुलं आहेत, म्हातारी आई आहे. उद्या कुणी बोट दाखवलं तर…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि समोरच्या चहाला हातही लावला नाही. ते गेल्यावर घड्याळजींनी तो कप उचलला आणि स्वतः पिऊन टाकला. "चहाचा काय दोष?" ते म्हणाले.

मुलगा स्वतः एकदाही फिरकला नाही. लेकीला लग्न मोडल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. ज्याने हातपाय न हलवता आपल्याला सोडून दिलं, त्याच्या घरी आपण जन्म काढणार होतो, या विचाराने ती तीन दिवस धुमसत राहिली. चौथ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि मी जाते म्हणाली. कुठे, ते सांगितलं नाही.

मॅट्रनबाई जीव मुठीत धरून वर कामाला गेल्या, तर कुलगुरूंनी बोलावणं पाठवलेलं. खोलीत लेक बसलेली.

"सिस्टर, ही नवी विद्यार्थिनी," कुलगुरू डोळ्यांतही न हसता म्हणाले. "रसायन शिकायचं म्हणते. प्रवेशाची मुदत संपलीय, पण मुली सोडून जात असताना आलेली मुलगी परत पाठवायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. वसतिगृहात दोन खाटा रिकाम्या आहेतच."

रागावून घर सोडलं आणि राहायला आली ती आईच्याच हाताखाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं म्हणून माळी पोट धरून हसला. वसतिगृहात ती आईला सगळ्यांसारखं 'मॅट्रनबाई' म्हणायची. मॅट्रनबाईही तिला खाटेच्या क्रमांकाने हाक मारायच्या आणि दिवा उशिरापर्यंत चालू राहिला तर इतरांना बोलायच्या त्यापेक्षा दोन शब्द जास्तच बोलायच्या. बाकीच्या मुलींना सुरुवातीला ते खरंच वाटायचं नाही की या मायलेकी आहेत. मग नाकं बघून पटायचं.

बापाशी मात्र ती बोलत नव्हती. रविवारी मुली बाजारात जायच्या तेव्हा ती दुकानाच्या पलीकडच्या कडेने जायची. घड्याळजी मान वर करायचे नाहीत, पण मॅट्रनबाईंना माहीत होतं की ती कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्या हातातला चिमटा हलत नसे.

असे काही महिने गेले. एका दुपारी मॅट्रनबाई चादरींची घडी घालत होत्या आणि लेक दाराशी येऊन उभी राहिली.

"कुठली खाट?" ती म्हणाली.

मॅट्रनबाईंनी चादर खाली ठेवली आणि तिला पुरुषांच्या जुन्या वॉर्डात, पदार्थविज्ञानाच्या वर्गात नेलं. तास सुटला होता. फळ्यावर कसलीशी गणितं होती. खिडकीकडून तिसऱ्या जागी आता तराजू ठेवलेलं टेबल होतं.

"इथे," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्या शेजारी एक म्हातारे घड्याळवाले होते. तुझे बाबा तेव्हा तापात सारखे विचारायचे, किती वाजले, किती वाजले. म्हातारे वैतागले. एक बिघडलेलं घड्याळ सुटं करून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, हे जोड, मग तूच बघ किती वाजले ते. जोडायला बाबांना दोन महिने लागले. तोवर ताप उतरला होता."

"आणि म्हातारे?"

"ते नाही उतरले टेकडी. हत्यारांचा डबा बाबांना देऊन गेले. लहानपणी तू ज्या डब्याशी खेळायचीस तो."

लेक टेबलावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने विचारलं, "मग लग्नाचं त्यांनी विचारलं की तू?"

"मीच. त्यांच्या भरवशावर राहिले असते तर अजून ताप मोजत बसले असते."

लेक हसली. पुढच्या रविवारी ती दुकानात गेली आणि स्टुलावर बसली. घड्याळजींनी भिंग काढलं नाही.

"अभ्यास कसा चाललाय?"

"बरा."

"बरं."

एवढंच बोलणं झालं, पण त्या संध्याकाळी घड्याळजी वर्दळीच्या वेळी दुकान बंद करून तिला टेकडीपर्यंत सोडायला गेले.

पुढच्या वर्षी वसतिगृहात वीस-बावीस मुली आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी जागा पुरेना. प्रवेश सुरू झाले की नवे पालक अजूनही भिंतींकडे संशयाने बघायचे. माळी त्यांना सांगायचा, "शंका असेल तर बाजारात घड्याळजींना भेटा." पालक खरोखर जायचे. घड्याळजी कंटाळून बायकोला म्हणायचे, "मी घड्याळं दुरुस्त करू की छाती दाखवत बसू?" पण आलेल्याला त्यांनी कधी परत पाठवलं नाही. लोक बसायचे, विचारायचे आणि जाताना लाजेखातर घड्याळाला पट्टा तरी बदलून घ्यायचे. धंदा बुडेल ही एकवीस वर्षांची भीती अशी उलटीच खरी ठरली.

पुढे नदीपलीकडे सपाट जमिनीवर विद्यापीठाचं तिसरं आवार झालं. तिथे मोठ्या इमारती, रुंद रस्ते, सायकली ठेवायला छप्पर. खानावळीवरचा मजला सोडताना खानावळवाल्याने सगळ्या प्राध्यापकांना फुकट जेवू घातलं. इतकी वर्षं इतिहासाचे तास खालून ऐकले त्याची परतफेड, म्हणाला. कचेरी गेली, ग्रंथालय गेलं आणि शेवटी वसतिगृहही गेलं. मॅट्रनबाई नवी इमारत बघून आल्या. कशी वाटली, असं विचारल्यावर म्हणाल्या, "भिंती सरळ आहेत. वारा मात्र बाहेरच थांबतो." मुलींना तिकडे लावून देऊन त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. वरच्या आवारात आता परिचारिकांचं शिक्षण सुरू झालंय.

लेक शिकली आणि नव्या आवारातच रसायन शिकवायला लागली. एका सहकाऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हा तिने आधी सांगून टाकलं की माझ्या वडिलांना क्षय झाला होता. तो म्हणाला, "माहीत आहे. माझ्या बहिणीच्या प्रवेशाच्या वेळी माझे वडील त्यांना भेटले होते. घड्याळाचा पट्टा घेऊन आले होते." लग्न साधेपणाने झालं.

घड्याळजी सत्तरी ओलांडून गेले. झोपेत हृदय थांबलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मॅट्रनबाई आवर्जून सांगायच्या, "हृदयाने गेले. छाती शेवटपर्यंत स्वच्छ होती." कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायच्या.

आता त्या लेकीकडे, नव्या आवारातल्या घरात राहतात. एका रविवारी दोघीच घरात होत्या. लेक उत्तरपत्रिका बाजूला सारून म्हणाली, "आई, बाबा त्या दिवशी सभेत बोलले नसते तर तू मला कधी सांगितलं असतंस?"

मॅट्रनबाईंनी विचार केला. खोटं बोलायचं वय आता राहिलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"कधीच?"

"तू दुखावशील, तुझं लग्न मोडेल, असं आधी वाटायचं. नंतर न सांगायची सवय झाली. सवय झाली की माणूस कारण शोधत नाही गं."

लेकीने पेन खाली ठेवलं. "मी फार रागावले होते तुझ्यावर. बाबांपेक्षा तुझ्यावर जास्त."

"माहीत आहे. मला मॅट्रनबाई म्हणताना तू 'बाई'वर जोर द्यायचीस."

दोघी हसल्या. मग लेकीने पुन्हा उत्तरपत्रिका पुढे ओढल्या आणि मॅट्रनबाई खिडकी उघडायला उठल्या.